राउंडच्या वेळचा चहा

आई, परवा माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आज सकाळी नर्सने विचारलं, "आंटी, एक से दस में दर्द कितना?" मी तोंड उघडायच्या आत तुझा नातू म्हणाला, "दोन लिखो सिस्टर. मम्मी एकदम स्ट्राँग आहे." तिने दोन लिहिले, हसली आणि पुढच्या खाटेकडे गेली. प्रेमानेच म्हणाला असेल. पण माझ्या दुखण्याचं उत्तर दुसऱ्याने दिलं की मला संशय येतो. हा माझ्यासाठी बोलतोय, की स्वतःला बरं वाटावं म्हणून?

हा संशय मला तुझ्या दवाखान्यातल्या खाटेपाशी लागला. छप्पन साली राज्यं नव्याने आखली, आपल्या गावाचं नागपूर सुटून भोपाळ राजधानी झाली, ते दिवस. तुझ्या पोटाचं ऑपरेशन झालेलं, आणि आजोबा लोधीपुऱ्यातल्या आपल्या घरून रोज पहाटे दुधाचा तांब्या घेऊन येत, तुझ्या उशाशी बसत. पेपर वाचता वाचता चिडत, "आपल्याला कोणी विचारलं का? परस्पर जोडून टाकलं भोपाळला!" तेवढ्यात डॉक्टर येतात. "बाई, आराम है?" सासऱ्यांसमोर तू पदर नाकापर्यंत ओढलेला. उत्तर आजोबाच देतात, "हो जी, आराम आहे. पूर्ण समाधान आहे." डॉक्टर खूश, आजोबा खूश. मी पायथ्याशी बसलेली, म्हणून मला दिसतं, पदराचं टोक तुझ्या दातांत आहे आणि पायाची बोटं चादरीत रुतली आहेत. मोठ्यांत विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे शाळेत कॉन्व्हेंटच्या नन्सनी चांगलंच बिंबवलेलं. डॉक्टर गेल्यावर मी तुझ्या कानाशी लागले, "सांगत का नाहीस?" तू पुटपुटलीस, "मामंजी बसलेत ना, बाळा." पेपराआड आजोबा तसेच बसलेले.

दुसऱ्या सकाळी डॉक्टर शेजारच्या खाटेपाशी असतानाच आजोबा उठले, टोपी घातली, "चहा पिऊन येतो," म्हणाले आणि गेले. तू पदर वर केलास. "बहोत दुखतं हो, डॉक्टरसाहेब. रात्रभर डोळ्याला डोळा नाही." इंजेक्शन मिळालं आणि तू झोपलीस, तोंड किंचित उघडं टाकून. त्यानंतर रोज राउंडच्या वेळेलाच आजोबांना चहाची तलफ येई. सुनेला डॉक्टर तपासतोय आणि हे निघाले चहाला! माणूस बेपर्वा, म्हणून आपलं निभावलं, असंच मी धरून चालले. ते वारले तेव्हाही ती अढी माझ्या मनात होतीच.

आज दुपारी नर्स यायच्या वेळेला मी मुलाला म्हटलं, "जा रे, माझ्यासाठी चहा घेऊन ये." तो बघतच राहिला. "चाय? मम्मी, तू कधीपासून चहा प्यायला लागलीस?"

तेव्हा लख्ख आठवलं. आपल्या घरात चहाचं भांडंच नव्हतं. आजोबा चहाला शिवतही नसत.

मग तेवढा वेळ ते कुठे उभे राहत असतील? तुझं ते पुटपुटणं त्यांनी ऐकलं होतं का? तुला ठाऊक असणार. पण जाईपर्यंत मला कधी बोलली नाहीस.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. नर्सला मी सात सांगितलं. मुलगा कप घेऊन आला आणि काळजीने म्हणाला, "दोनच आहे ना अजून?" मी हो म्हटलं, आणि तो चहा सगळा प्याले.