लाइन गेली की

आदिलाबाद, ४ मार्च १९८८

चि. सौ. द्वारका हिस दादाचा जयभीम व आशीर्वाद.

वि. वि. आम्ही सारे खुशाल. तुझ्या वहिनीचे गुडघे सोडले तर तक्रार नाही. शाळेत इंग्रजी शिकवतो म्हणून मी मिरवतो, पण परवा पोरांनीच मला शिकवलं. लाइन म्हणजे रेघ, असं फळ्यावर लिहिलं तर अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. चौकशीअंती कळलं, पोरीकडे टक लावून पाहणं म्हणजे लाइन मारणं. घरी सांगितलं तर तुझी वहिनी म्हणाली, आपला वामन नोकरीला चिकटला तेव्हा पोरगा लाइनीला लागला असं तुम्हीच गावभर सांगत होता. ट्रकवाल्यांना तर सारा हायवेच लाइन. इंग्रजांनी शब्द एकच दिला, संसार आपण थाटला.

आता कामाचं. गुडीहत्नूरला आपले जावई भिवाजीराव यांच्याच वीज खात्याच्या स्टोअरमध्ये जागा रिकामी आहे. खांबावर चढणं नाही, पंख्याखाली बसून सामान द्यायचं. अर्ज लवकर धाड. नवऱ्याची लाइन बदल, बाई.

तुझी काळजी वाहणारा,
नागनाथ

*

इंद्रवेल्ली, १३ मार्च १९८८

ति. दादास द्वारकाचा जयभीम.

वि. वि. पत्र पोचलं. शब्दाची गंमत वाचून हे पोट धरून हसले, अर्जाचं वाचलं तेव्हा उठून गेले. स्टोअरमधी बसून काय माशा मारू काय, आन तू काऊन रोज रोज भेवून राह्यली, असं मलाच ऐकवलं.

दादा, तुझ्या शब्दांत आमच्या घरची लाइन राहिलीच. लाइन गेली की सारं गाव शिव्या देतं; मला तेव्हाच जरा बरं वाटतं. तार जोडायची तर आधी सबस्टेशनवाले लाइन बंद करतात, मग हे चढतात. उतरून निरोप दिला की ते चालू करतात. म्हणून मी भर दुपारी दिवा लावून ठेवते. विझला की समजायचं, हे वर आहेत आणि तारेत वीज नाही. भय वाटतं ते दिवा परत लागला की. ह्यांनी निरोप दिला म्हणून लागला, की कुणी चुकून चालू केली? ह्यांची सायकल दारात येईतो कळत नाही. तोवर भाकरी करपते आणि मी घरात येरझाऱ्या घालते.

पण ह्यांना समजावू कशी? ज्या ओसरीवर सासऱ्यांना कधी पाय ठेवू दिला नाही, तिथं आज ह्यांना लाइनमनसाहेब म्हणून हाताला धरून नेतात. लग्नात पहिल्या पंगतीला बसवतात. ते सोडा, असं कोणत्या तोंडानं सांगू?

तुझी,
द्वारका

*

आदिलाबाद, २० मार्च १९८८

चि. सौ. द्वारकास आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र आल्यापासून मला चैन नाही. काल वर्गातला पंखा थांबला आणि मी शिकवता शिकवता बोलायचंच विसरलो. ओसरीचं भिवाजीरावांचं खरं आहे. तरी अर्ज करा. मान घ्यायलाही आधी माणूस असावा लागतो.

दादा

*

इंद्रवेल्ली, २९ मार्च १९८८

ति. दादास जयभीम.

वि. वि. परवा वावटळीनं तार तुटली. दिवा विझला, आणि एक भाकरी होते न होते तोच लागला. इतक्या लवकर कधीच लागत नाही. मी तवा चुलीवर ठेवून अनवाणी पळत सुटले.

हे खांबाच्या बुडाशी बसले होते. पक्कड खाली राहिली म्हणून उतरले, आणि तेवढ्यात समोरची पिठाची गिरणी सुरू झाली. सबस्टेशनात नव्या माणसानं न विचारता लाइन चालू केली होती. चारचौघांत मी ह्यांचा सदरा धरून रडले. एरवी हे रागावले असते. घरी येऊन गुमान पेन मागितला.

अर्ज सोबत आहे.

द्वारका

*

गुडीहत्नूर, ७ ऑगस्ट १९८८

ति. दादास जयभीम.

वि. वि. आम्ही इथं रुळलो. हे वेळेवर घरी येतात. इथं अजून कुणी साहेब म्हटलं नाही, असं हसत सांगतात. मला ते हसणं पाहवत नाही, पण माणूस समोर दिसतो.

तिकडे ह्यांच्या जागी उद्धव आला. त्याची बायको बयना, लग्नाला वर्षही नाही. सामान बांधायला मदतीला आली तेव्हा भर दुपारी दिवा काऊन लावला म्हणून विचारत होती. सांगावं असं अगदी ओठावर आलं. मग वाटलं, कशाला तिच्या जिवाला घोर. राहिला चुकून, असं म्हणाले आणि बटण बंद केलं. बरं केलं की वाईट, अजून ठरत नाही.

काल जेवताना लाइन गेली. शेजारीण करवादली. मी म्हटलं, राहू दे बाई, कुणीतरी वर असेल. दिवा लागला तेव्हा पाहिलं, ह्यांनीही घास हातातच धरून ठेवला होता.

वहिनीला जप. आमच्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझी,
द्वारका