नितीनचा बँड मोडला

२१ जून १९९७, शनिवार

दारात पहिला आला तो लाल केसांचा शॉन. आमचा नितीन मागे रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होता. नातू अमेरिकेहून आला, मला तर काय करू नि काय नको झालं! पण बातमी वाईट आणली. नोकरीसाठी तिकडे गेलेल्या आयर्लंडच्या पोरांनी आपल्या गावाकडच्या गाण्यांचा बँड काढला होता, नितीन त्यात ढोलकी वाजवायचा. लग्नांत वाजवलं, कॅसेटही निघाली. आता बंद. त्यांच्या देशात कामं मिळू लागली, एकेक जण घरी परतला. शॉनही चालला.

त्यानं व्हायोलिन वाजवलं तर मला रडूच आलं. कोणाच्या गावचं गाणं, नि मला आठवला सातारा!

दोघं निघताना हातावर दही घातलं, सुखरूप परत यावं म्हणून. शॉननं चाटून पुन्हा हात पुढे केला. नितीननं मात्र आपला हात मागे घेतला, म्हणाला, “रहने दो आजी, हाथ चिपचिपा होगा.”

“सगळे घरी चालले, मग तू रे?”

“देखते हैं, आजी.”

विचारायला नको होतं का? ह्यांची बदली इथे लखनौला झाली तेव्हा मीही आईला ‘दोनच वर्षं’ म्हटलं होतं. आणि मी तर हातावर दही घेऊन निघाले होते.

दोघं मलिहाबादला आंबे खायला गेलेत. मंगळवारी येतो म्हणाले.