वॉलच्या मुळाशी लावलेले ठिगळ

लिहून ठेवणार मी, वय वर्षे चोपन्न, धंदा सायकलदुरुस्ती, शाळा सातवीपर्यंत, त्यापुढचे सर्व स्वतःच्या हिकमतीवर. आज माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि शेजारी बसून मला कोणी सांगत नाही. (मुलीची आई सांगायला आली होती. तिला परत पाठवले.) याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कारण असे की, येत्या सोमवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, यात माणूस मरत नाही. आतून जाळी बसवणार आहेत, म्हणजे ठिगळच. कडेने किती जागा सोडणार, असे मी विचारले. ते नुसते हसले. म्हणून हा कागद.

कलम १. राहते घर आणि बँकेत असेल ते मुलीच्या आईला. किती आहे, ते तिला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. मागच्या खिडकीची कडी मी तीनदा दुरुस्त केली आहे. नवी बसवू नये.

कलम २. दुकानाच्या माळ्यावर त्रेचाळीस ट्यूबा आहेत. रस्त्यापलीकडचा दुकानदार पंक्चर काढत नाही. सायकल दिसली की "नवीनच टाकू या ना, साहेब" म्हणतो आणि जुनी ट्यूब डब्यात फेकतो. त्या डब्यातून मी या वेळोवेळी उचलल्या. त्यांतल्या एकोणचाळीस ट्यूबांना एकेकच भोक होते, टाचणीच्या टोकाएवढे. सर्व दुरुस्त केल्या आहेत. माझ्यामागे त्या त्याला परत द्याव्यात, हवा भरून.

कलम ३. दुकान, पंप, पाण्याचे घमेले, टायर काढायच्या पट्ट्या आणि कानशी, हे सर्व माझ्या एकुलत्या एका मुलीला. ती सध्या वरील दुकानदाराकडे कामाला आहे आणि दिवसभर ट्यूबा बदलते. एका घरात राहूनही तीन वर्षे आमचे बोलणे तिच्या आईमार्फत चालते. "आई, त्यांना सांग, चष्मा डोक्यावर आहे." अशा प्रकारे.

ती दुकान घेईल की नाही, मला माहीत नाही. घ्यावे म्हणून पुढचे कलम लिहीत आहे. वरची तीन कलमे तासाभरात झाली. याला चार दिवस लागले.

कलम ४. भोकाभोवतीचे रबर घासून खरबरीत करायचे, सोल्यूशन लावायचे, ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे आणि मगच ठिगळ दाबायचे. लोक थांबत नाहीत. मी थांबतो. परंतु ट्यूब वॉलच्या, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या, मुळाशी फाटली असेल, तर कितीही थांबून उपयोग नाही. तिथे सपाट जागा नसते आणि वॉल प्रत्येक खड्ड्याला हलतो. ती ट्यूब बदलावीच लागते. हे या धंद्यात कोणालाही कळते.

तीन वर्षांपूर्वी मास्तरीणबाईंची सायकल आली. पुढच्या चाकाची ट्यूब नेमकी तिथेच फाटलेली. मुलगी म्हणाली, "बाबा, ही नाही टिकायची. बदला."

मी म्हणालो, "तुझ्या बापाने हात लावलेलं काही सुटलंय का आजवर?"

ठिगळ मीच कापले, मध्ये वॉलपुरते भोक ठेवून, स्वतःच्या पद्धतीने. काम सुबक होते. दुसऱ्या दिवशी उतारावर चाक बसले आणि बाई पडल्या. उजवे मनगट मोडले. प्लास्टर घालून त्या दुकानात आल्या, तेव्हा पाच-सहा गिऱ्हाइके उभी होती. "कुणी केलं हे काम?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "पोरीने."

ती घमेल्यात ट्यूब धरून तिथेच बसली होती. तिने हात पुसले आणि रस्ता ओलांडला. तेव्हापासून तिच्या हाताला पंक्चरचे काम कोणी देत नाही.

तरी मी जाहीर करतो की ठिगळ माझे होते, तिचे म्हणणे बरोबर होते आणि मी खोटे बोललो. हे कलम माझ्या मृत्यूनंतर किमान सहा लोकांसमोर मोठ्याने वाचावे.

पुरवणी, दुसऱ्या दिवशी. काल हा कागद मी साक्षीदारांना वाचून दाखवला. एक शेजारचे शिंपी. दुसऱ्या साक्षीदार त्याच मास्तरीणबाई, त्यांना मुद्दाम बोलावले होते.

बाई म्हणाल्या, "म्हणजे तीन वर्षं त्या पोरीकडे बघून मी मान फिरवतेय, ती उगाच?"

मी म्हणालो, "हो."

शिंपी म्हणाले, "आणि हे तुम्ही मेल्यावर वाचायचं? ती बघा, समोर दिसतेय. बारा पावलं नाहीत."

"चौदा," मी म्हणालो.

बाईंनी पेन खाली ठेवले. "आधी जाऊन या. मग सही."

गेलो. मुलगी चाक खोलून बसली होती. तिचा मालकही ऐकत होता, त्याला इलाज नव्हता. मी कलम ४ उभ्याने वाचले. तिने एकदाच अडवले. "'सुबक होते' हे काढा."

ते खरे असल्यामुळे काढता येणार नाही, असे मी सांगितले.

"मग मेल्यावर वगैरे काही नाही. तेव्हा सगळ्यांसमोर बोललात ना? आत्ता दारावर लावा."

दुकान घेशील का, असे मी विचारले.

"आधी लावा तर."

त्याप्रमाणे कलम ४ ची नक्कल, माझ्याच अक्षरात, दाराला पंपाच्या वर लावली आहे. आज सकाळपासून अकरा जणांनी वाचली. चाकात हवा भरून होईपर्यंत वाचून होते.

दुपारी बाई सही करायला आल्या त्या सायकल ढकलत. मागचे चाक बसले होते. मी हात पुढे केला. त्यांनी सायकल माझ्यापासून बाजूला घेतली आणि रस्त्यापलीकडे हाक मारली, "अगं, जरा बघतेस का?"

मुलगी आली. माझ्याच घमेल्यात भोक शोधले. साधे होते. सोल्यूशन वाळेपर्यंत थांबली. दुकानाबद्दल काही बोलली नाही. मीही विचारले नाही. कलम ३ कायम.

लिहून ठेवणार : (सही) सायकलवाला
साक्षीदार १ : (सही) शिंपी, शेजारचे दुकान
साक्षीदार २ : (सही) मास्तरीणबाई
ठिकाण : दुकानाची मागची खोली
दिनांक : नऊ, वार शुक्रवार