विहिरीची पाळी आणि कॅल्शियम

६ फेब्रुवारी २०२४
सकाळपासून चार तांबे पाणी प्यालो, तहान तशीच. पोट तीन दिवस साफ नाही. सूनबाई हेमांगी म्हणते, डॉक्टरांना दाखवू. दोन तक्रारींवरून एक रोग सिद्ध होत नाही, असे तिला सांगितले. 'बरं' म्हणाली आणि पाचवा तांब्या ठेवून गेली.

९ फेब्रुवारी
शेजारचा विश्राम आणि त्याची भावजय जमना सामाईक विहिरीच्या पाळीचा वाद घेऊन ओटीवर आले. घिवली गावातले असले वाद चाळीस वर्षे माझ्याकडेच येतात. तर्कशास्त्र शिकवल्याचा हा एक उपयोग. वाड्या दोन, विहीर एक. वाटणी समान हवी, हे दोघांनी मान्य केले. तेव्हा आठवड्यातले चार दिवस विश्रामचे, चार जमनाचे. कोणीही प्रतिवाद केला नाही!

१३ फेब्रुवारी
नीलेशला दोनदा माझ्या दिवंगत भावाच्या नावाने हाक मारली. पोटचा मुलगा. तो हसला नाही, गाडी काढली.

१५ फेब्रुवारी, बोईसर, रुग्णालय
रक्तातले कॅल्शियम चौदा. अकराच्या आत हवे. डॉक्टर तरुण, पण मांडणी नेटकी. गळ्यातल्या ग्रंथींचे संप्रेरक वाढले, तर हाडांतले कॅल्शियम रक्तात उतरते. माझे ते संप्रेरक जवळजवळ नाहीच. म्हणजे हुकूम दुसरेच कोणी देत आहे. ते छातीच्या स्कॅनमध्ये सापडले: उजव्या फुप्फुसातली गाठ. ती त्या संप्रेरकासारखाच पदार्थ तयार करते आणि हाडे तो खरा मानून चालतात. कर्करोग. अनुमानात दोष सापडला नाही.

मी एकच प्रश्न विचारला — विसरणे यामुळेच?
"बहुधा. कॅल्शियम उतरलं की डोकं साफ होईल, काका."

नीलेश खिडकीकडे तोंड करून उभा होता. मला हायसे वाटले, हे त्याला सांगणे प्रशस्त दिसले नसते. फुप्फुसाची काळजी मी कधीच केली नव्हती; बुद्धीची करीत होतो.

१९ फेब्रुवारी
सलाईन आणि हाडांसाठीचे एक औषध. कॅल्शियम दहा. डोके स्वच्छ. मागची पाने वाचली. चार आणि चार — आठवड्याचे आठ दिवस! दोष कॅल्शियमचा, निवाडा मात्र माझा, तो मागे घेतला पाहिजे. गाठ आहे तोवर कॅल्शियम पुन्हा चढेल, असे डॉक्टर म्हणतात. त्याआधी हे उरकावे.

२२ फेब्रुवारी, घरी
जमनाला बोलावून चूक कबूल केली. ती ओटीच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "काका, तुमच्या निवाड्यानं पानी कोन लावतंय? तुमचा मान हाय म्हणून आमी ऐकून घेतो. मग मागल्या दारी हेमांगीला इचारतो. या खेपेला तिनं दिवसाआड पाळी लावून दिलीय. भांडन नाय."
हेमांगीला केव्हापासून विचारता, असे विचारले.
"तीन वर्सं झाली."

२३ फेब्रुवारी
गेल्या तीन वर्षांचे रक्ताचे अहवाल काढून पाहिले. गेल्या नोव्हेंबरपर्यंत कॅल्शियम साडेनऊ.