डावी काच, उजवी काच

दि. ३ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मी करून पाठवलेला तुमचा नवा चष्मा पोचल्याचं मामींच्या पत्रातून कळलं. घड्याळं दुरुस्त करताना आता एका स्क्रूचे दोन दिसत नाहीत ना, तेवढं कळवा.

इथे मालक नवी शाखा काढतायत. ती माझ्याकडे द्यायची की काउंटरवरच्या दादांकडे, ते या आठवड्यात ठरेल. मालक म्हणजे अजब माणूस. गावाला चष्मे देतात, पण स्वतःच्या चष्म्याची मोडकी दांडी दोऱ्याने बांधून वापरतात. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत आणि स्वतःला सवड नाही.

आता पोटातलं सांगते. महिन्यापूर्वी मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा चष्मा केला. आठ दिवसांत त्या कुरकुरत आल्या, तेव्हा नव्या चष्म्याची सवय व्हायला वेळ लागतो, असं आमचं ठरलेलं उत्तर देऊन मी त्यांना परत पाठवलं. परवा पुन्हा आल्या. म्हणाल्या, चष्मा चांगलाच असणार, माझेच डोळे गेले. नाटकमंडळींच्या बारा पोशाखांचं काम त्यांनी परत केलंय आणि मशीन विकायला काढलंय.

मी चष्मा तपासला. काचांची अदलाबदल झालेली. समोर बसून नंबर लिहिताना माझ्या डाव्या हाताचा डोळा मी डावा लिहिला. तो त्यांचा उजवा होता.

फ्रेम गोल आहे, काचा बदलणं दहा मिनिटांचं काम. स्क्रू सैल होता म्हटलं की कोणाला पत्ता लागणार नाही. खरं सांगितलं तर शाखा हातची जाईल. चष्मा सोमवारपर्यंत ठेवून घेतलाय. मामा, काय करू?

माया आहे तेवढी राहू द्या.
तुमची,
भिंगरी

दि. ५ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

स्क्रू एकाचा एकच दिसतो. मामीचा रागही आता लांबूनच दिसतो, ही चष्म्याची मोठीच सोय.

एवढं लांबलचक लिहून शेवटी काय करू विचारतेस, म्हणजे उत्तर तुला ठाऊक आहे. फक्त ते माझ्या गळ्यात घालायचंय. मी घालून घेणार नाही. त्यापेक्षा माझी एक गोष्ट ऐक. ती मामीलाही ठाऊक नाही.

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांच्या वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ माझ्याकडे दिलं होतं. माझा हात घसरला आणि एका चाकाचे दोन दात तुटले. मी तोंड पाडून सांगितलं की घड्याळ म्हातारं झालंय, आता ते काही चालायचं नाही. बाईंनी विश्वास ठेवला. वर गावभर सांगत सुटल्या की घड्याळजी सरळ माणूस आहे. त्या शब्दावर माझं दुकान उभं राहिलं. या गोष्टीला बावीस वर्षं झाली. बाई समोरून येताना दिसल्या की मी अजून गल्ली बदलतो. मामीला वाटतं, मला चालण्याची हौस आहे.

शाखा मिळाली तरी तुला गल्ल्या बदलाव्या लागू नयेत, एवढंच वाटतं.

पत्राची वाट पाहतो. आळस करू नये.
मामा

दि. ११ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. आधी मालकांना. त्यांनी फक्त बाईंच्या घराकडे बोट दाखवलं. तीन जिने चढेपर्यंत मी चार वेळा परत फिरले.

बाईंनी काचा बदललेला चष्मा घातला, सुईत दोरा ओवला, आणि मग मला असं झापलं की विचारू नका. महिनाभर मी आंधळी झाले म्हणून रडले, असं म्हणाल्या. ते माझ्या वाट्याचंच होतं. मग दोघी नाटकवाल्यांकडे गेलो आणि चूक माझी, हे मी तिथेही सांगितलं. सात पोशाख दुसरीकडे गेले होते, पाच परत मिळाले. मशीन घरातच राहिलं.

शाखा दादांना मिळाली. मला खूप वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण काल दुकान बंद करताना मालकांनी आपला दोरा बांधलेला चष्मा माझ्या टेबलावर ठेवला. नवा कर, घाई नको, म्हणाले. दादा अकरा वर्षं इथे आहेत, त्यांच्या तोंडाचा आ मिटेना. यापुढे दोन्ही दुकानांतला प्रत्येक चष्मा माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, हेही मालकांनी सांगितलं. मग भिंत चाचपत, दाराला धडकत घरी गेले.

मामींना नमस्कार. गुपित माझ्यापाशी आहे, काळजी नसावी.
भिंगरी

दि. १५ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र खिशात घालून निघालो आणि समोरून मुख्याध्यापिकाबाई आल्या. गल्ली होती, वळलो नाही. सगळं सांगून टाकलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, त्यांच्याकडूनच मी दुखावला गेलो म्हणून तोंड चुकवतो, असं त्या बावीस वर्षं समजत होत्या. मला फार लाज वाटली. मामीलाही सांगितलं. ती म्हणते, आता तुमचं चालणं बंद होणार, पोट सुटेल.

आज सकाळी दुकान उघडलं तेव्हा बाई पायरीवर उभ्या होत्या. ते घड्याळ त्यांनी कपाटावर जपून ठेवलं होतं. दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या. माझ्याकडेच.

तुझा चष्मा लावून बसलोय. इतरांची कामं उद्या.
मामा