अँथुरियमच्या बारक्या कुंड्या

६ नोव्हेंबर
तंबूतली अँथुरियमची फुलझाडं जोरात. आत कार्बन डायऑक्साइड वाढवून तिसरा आठवडा. पान यंत्राच्या चिमट्यात धरलं की प्रकाशसंश्लेषणाचा आकडा बाहेरच्या झाडांच्या कितीतरी वर. प्रकल्प बघणारे सर मुंबईच्या बोटीने मांडव्याला उतरून थेट नर्सरीत. "अहवाल असाच गेला ना सुजाता, तर तुझं कायम होण्याचं बघतो." सहा वर्षं कंत्राटावर आहे. 'बघतो' किती वेळा ऐकलं, ते जाऊ दे.

२१ नोव्हें.
आकडे उतरले. गॅस तोच, ऊन तेच, पाणी तेच. तीनदा घेतले. बाहेरच्या झाडांच्या बरोबरीला आलेत. सरांना फोन. "यंत्र तपास." तपासलं. ठणठणीत आहे.

२८ नोव्हें.
सर: "पहिल्या तीन आठवड्यांचेच आकडे दे. पुढे यंत्र बिघडलं असं लिही." सही करणार नाही म्हटलं. घरी नवऱ्यालाही ऐकवलं. तो म्हणे, आधी कायम हो, मग खरं बोल. राग आला, जेवले नाही.

२ डिसें.
कुंड्या भरणाऱ्या पार्वतीबाईंच्या हातून एक कुंडी कलंडली. आत माती नावाला, नुसती मुळं, गोल गोल फिरलेली. "बाय, घरात कनगी न्हाय तं पिकलेला भात ठेवशील कुठं? झाडाचं पन तसंच."
खरं आहे. गॅस मिळाला, पानांनी साखर केली, ती ठेवायला मुळांना जागा नाही, म्हणून पानांनीच काम कमी केलं. हे शिकलेय मी. तंबूत जास्त झाडं मावावीत म्हणून बारक्या कुंड्या मीच निवडल्या. कुंड्या लहान पडतील, असं जुलैत पा.बाई बोलल्या होत्या. "तुम्ही फक्त भरा," म्हटलं होतं. आणि सरांपुढे चार दिवस नाकाने कांदे सोलतेय. लाज वाटली.

५ डिसें.
सरांना सांगितलं. आवाज एकदम गोड. "मग वाद कशाला? कुंड्यांच्या कागदावर सही तुझी. हे लिहिलंस तर कायम विसर." म्हणजे खोटं आता माझ्याच सोयीचं.

८ डिसें.
पा.बाईंनी न विचारता सहा झाडं मोठ्या कुंड्यांत हलवली. "लिवलंस काय कुंड्यांचं?"
नाही म्हटलं.
"लिव की गो. तुला बोलले तं माझं नाव सांग. बाई अडानी हाय, तिनंच चुकीचं भरलं म्हन. माझं कोन काय करनार?"
मोह झाला. वहीत तरी खोटं कशाला लिहू, झालाच.
अहवाल टेबलावर, सगळ्या आकड्यांसकट; कुंड्यांची निवड माझ्या नावावर. सर अकराच्या बोटीने येतायत.