तीस स्वयंपाकघरांतली झुरळं

तीर्थरूप आत्या,

नमस्कार (खुर्चीतूनच; यंत्राजवळून उठायची छाती होत नाही). तुझे गुडघे कसे आहेत? माझी भूक मेली आहे. चार वाजता आमचे सर मोठ्या सभागृहात भाषणाला उभे राहणार, आणि माझी पदवी त्या भाषणात अडकली आहे. भाषण तू पाठवलेल्या झुरळांवर आहे.

तुझ्या इमारतीतल्या तीस घरांतून एकेक झुरळ बाटलीत घालून पाठवलंस, हे उपकार कसे फेडू? आता जरा ऐक. झुरळं एकाच जातीची असली तरी त्यांच्या डीएनएची अक्षरं जागोजागी वेगळी असतात (तू आणि बाबा सख्खे असून कुठे सारखे आहात?). डीएनएच्या एखाद्या तुकड्यात सगळी सारखीच निघाली, तर समजायचं की तो तुकडा अंगात असलेली फवारणीतून वाचली, बाकीची गेली. हीच निसर्गाची निवड. विष पचवणाऱ्या तुकड्यात तुझी झुरळं जवळपास सारखी निघाली आणि सरांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी नवा शर्ट शिवला.

माझी मात्र एक चूक आज लक्षात आली. विषाशी काडीचा संबंध नसलेले तुकडे मी तपासलेच नव्हते! तिथे फरक दिसले तर निवड खरी. तिथेही सारखेपणा असला, तर ही सगळी एकाच घरातली भावंडं. ते तुकडे आत्ता डीएनए वाचणाऱ्या यंत्रात आहेत. तुझ्यावर संशय? छे! पण तुझ्या शेजारणी मला ठाऊक आहेत. पाहुण्यांसमोर झुरळ निघालं तर 'अगं बाई, खालच्यांकडून आलं असेल' म्हणणाऱ्या. त्यांनी तुला आपलं झुरळ काढून दिलं, हे पटत नाही; आणि हात हलवत परत येणं तुझ्या स्वभावात नाही. सर दोनदा डोकावून गेले. मी हसून दाखवलं.

तुझी,
घाबरलेली भाची

ता. क. यंत्र थांबलं. सगळीकडे सारखीच. आत्या, तीसही तुझ्याच ओट्याखालची आहेत. सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी भाषण रद्द केलं. मला रडूच आलं.

आणखी एक ता. क. महिन्याभरात खरोखर तीस घरांतली झुरळं आणलीस तर पदवी वाचेल, असं सर म्हणाले. बाटल्या सोबत पाठवते आहे. शेजारणी अशा कबूल होणार नाहीत, म्हणून आधी तू जिन्यात उभी राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग, की माझ्या घरात झुरळं आहेत, ढिगाने आहेत. मग बघ, एकेक दार उघडेल. तू आजवर कुणापुढे मान खाली घातली नाहीस, हे मला माहीत आहे. माझ्यासाठी एकदा घाल.